जिन्याखालचं छत

आमच्या खोऱ्यात जिन्याखालच्या जागेला कुट्श म्हणतात.
कुशीत घेण्यालाही तोच शब्द.
लहानपणी मला वाटायचं, घर वाकून बसलंय
कोळशाला पोटाशी धरून.

बाबा खाणीतून यायचे, घरचा कोळसाही खाणीतून यायचा,
दोघं एकाच दारानं, एकाच रंगाचे.

आधी खाण गेली, मग कोळसा.
मग तिथे आईची इस्त्रीची फळी,
चाक निखळलेली बाबागाडी, खोक्यात दुमडलेलं नाताळचं झाड,
रंगाचे डबे, ज्यांतला रंग कुठल्या भिंतीचा
हे आई गेल्यावर कुणालाच सांगता येईना,
आणि गॅसचा मीटर,
अंधारात एकटाच मोजत बसलेला.

यंदा जानेवारीत बाबा पाचव्या पायरीवर टेकले.
म्हणाले, "बसलो नाहीये, थांबलोय."
न्हाणीघर वर. पायऱ्या तेरा.
छातीत बत्तीस वर्षांची धूळ.

गेथिन प्लंबर म्हणाला, ईस्टरनंतर बघू,
आणि आकडा असा सांगितला की मी किटली पुन्हा चढवली.
ओशनला तिथे गुहा हवी होती, दिवे लावलेली.
मी टेप घेतला आणि आत शिरले.

जिना मी पहिल्यांदाच खालून पाहिला.
पायऱ्यांची पोटं.
प्रत्येकीच्या टोकांना ठोकलेल्या पाचरी,
सरसाचे ओघळ वाळून मधासारखे,
आणि सातवीच्या खाली सुताराच्या पेन्सिलीनं केलेली
एक बेरीज. चुकलेली.
शंभर वर्षं आम्ही त्या चुकीवरून चढलो-उतरलो.
पडलं कुणी नाही.

झाडलं, तरी काळं येत राहिलं.
धुतलं, तरी विटांच्या सांध्यांतून
येत राहिलं, जसं काही मागे अजून
कुणी फावडं मारतंय.
रात्री मी बेसिनमध्ये थुंकले, ते काळं.
नळ सोडून उभी राहिले.
बाबांना सांगितलं नाही.

पुस्तकात जिन्याचा कोन बेचाळीस अंश,
आमच्या घरात साडेचव्वेचाळीस.
तीन बोर्ड वाया गेले ते या अडीच अंशांत.
मैल्याच्या नळाला उतार किती, हे मी
स्वप्नातही मोजायला लागले.
बेसिन मिळालं सूपच्या वाडग्याएवढं.
भिंतीला धरायला दांडी.
दार बाहेर उघडणारं. असं का, ते बाबांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

शनिवारी ते आले, काठी टेकत, इस्त्रीचा शर्ट घालून.
फरशी पाहिली नाही. बेसिन पाहिलं नाही.
काठी उलटी धरली
आणि तिरक्या छतावर ठोकलं, कान लावून:
एकदा वर, एकदा मधे, एकदा
जिथे मी सांधा लपवला होता तिथे.
छत खणखणीत बोललं तर खाली थांबायचं,
ढबढब बोललं तर पळायचं,
हे ते सोळाव्या वर्षी शिकले होते.
सांध्यापाशी काठी जरा थांबली.
"चालेल," म्हणाले.
"आडवं पडून भाकरी खाल्लीय मी याहून खाली.
इथे तर टोपी घालूनही बसता येईल."

मी म्हटलं, कडी नका लावू.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मी दहा वर्षांची असताना पाहायचे तसं.
कडी लागली.

मी बोळात उभी. हातात आईची फळी,
जिला आता या घरात कुठेच जागा नाही.
आतून काहीच आवाज नाही, मग कागदाची घडी उलगडल्याचा:
पेपर घेऊन गेले होते!

त्या रात्री दिवे मालवून मी वर निघाले.
दाराखाली उजेडाची एक रेघ.
सातव्या पायरीवर पाय पडला तसा
खालून आवाज आला, जुना, बोगद्यातला,
"कोण आहे वरती? बेतानं.
खाली माणूस आहे."